ब्रेकबद्दल माझं मत का बदललं

जुन्या, अवजड एसयूव्हीचे ब्रेक सुधारायचे तर मोठी डिस्क, मोठा कॅलिपर आणि जमलंच तर मागच्या ड्रमच्या जागीही डिस्क, हे माझं कित्येक वर्षांचं ठाम मत होतं. मित्रमंडळींत कुणी जुनी सफारी, स्कॉर्पिओ किंवा एंडेव्हर घेतली की माझा पहिला सल्ला हाच असायचा. आज कुणी विचारलं तर मी वेगळं सांगतो. गाडी कंपनीतून निघाली तेव्हा तिचा ब्रेक जसा होता तसा आधी करून घे, बाकीचं नंतर बोलू, असं सांगतो. हा बदल का झाला ते एकदा नीट लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं.

जुन्या मतामागे कारणं होती, आणि ती आजही खरी आहेत. माझी गाडी सफारी डायकॉर, २.२ लिटर इंजिनाची. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि एबीएस नाही. गाडी रिकामी असतानाच दोन टनांच्या आसपास भरते. घरची माणसं, सामान आणि भरलेली टाकी धरली की अडीच टनांकडे जाते. २०१२ साली आलेल्या सफारी स्टॉर्मला चारही चाकांना डिस्क होत्या. ज्यांच्याकडे जुनी गाडी होती त्यांच्या मनात आपलं काहीतरी कमी आहे ही भावना तिथूनच आली. माझ्याही मनात होती.

शिवाय हिशेबही मोठ्या डिस्कच्याच बाजूचा दिसतो. गाडी थांबवायची म्हणजे तिच्या गतीची सगळी ऊर्जा उष्णतेत बदलून हवेत सोडायची. वजन वाढतं त्या प्रमाणात ही ऊर्जा वाढते, पण वेगाबरोबर ती वर्गाने वाढते. म्हणून ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाने जाणारी तीच गाडी थांबवताना दीडपटीहून जास्त उष्णता तयार होते. घाटात तर विचारूच नका. माझी सासुरवाडी पोलादपूरकडे. साताऱ्याहून जायचं तर महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी घाट उतरायचा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ कोकणपट्टीच्या पातळीवर. उतार अगदी १२०० मीटरच धरला, तरी त्या उताराने गाडीला मिळणारी ऊर्जा ही ताशी ८० वरून पूर्ण थांबण्याच्या पंचेचाळीसहून अधिक वेळांइतकी भरते. त्यातली बरीचशी टायर, हवा आणि इंजिन शोषून घेतात. उरलेली सगळी ब्रेकच्या वाट्याला येते. मोठी डिस्क म्हणजे उष्णता साठवायला जास्त लोखंड आणि ती हवेत सोडायला जास्त पृष्ठभाग. यात चुकीचं काही नाही.

मग मत बदललं कुठे? साताऱ्यातल्या एका छोट्या गॅरेजात. ब्रेक मऊ लागतोय, गाडी थांबायला वेळ घेते, म्हणून मोठ्या डिस्कचा सेट बसवून मिळेल का, हे विचारायला मी गेलो होतो. तिथले अण्णा आयुष्यभर ट्रक आणि जीपगाड्यांचे ब्रेक करत आलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, मोठी डिस्क बसवू की. पण हाय ती तरी पुरं काम करतीय का, ते आधी बघू."

पुढचं चाक उतरलं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून जाम झाली होती. कॅलिपर सरकतच नव्हता, त्यामुळे आतला पॅड पत्र्याला टेकायला आलेला आणि बाहेरचा जवळजवळ नव्यासारखा. अण्णांनी दोन्ही पॅड माझ्या हातात शेजारीशेजारी ठेवले. दुसऱ्या कुणी काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडायचं, तिथे जेमतेम एक बाजू राबत होती. अशा कॅलिपरखाली कितीही मोठी डिस्क लावली असती तरी तिची पकड अर्धवटच राहिली असती.

मग ब्रेक ऑइल. टाकीतलं ऑइल स्वच्छ, सोनेरी दिसत होतं आणि ते पाहूनच मी निश्चिंत होतो. अण्णांनी कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावली, पोराला पेडल दाबायला सांगितलं आणि निपल सैल केला. नळीतून बाटलीत उतरलं ते काळ्या चहासारखं. "टाकीत वरनं भर घालत जातात, म्हणून ते चांगलं दिसतं. खरं तापतं ते हितलं," एवढंच ते बोलले.

त्या बाटलीनंतर मी ब्रेक ऑइलकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि पावसाळ्यात, हवेत बाष्पाला तोटा नाही. डॉट ३ प्रकारचं कोरं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. घाटात डिस्क आणि पॅड तीनशे अंशांच्या पुढे सहज जातात, आणि त्यातली उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोचते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल थेट तळाला जातं आणि गाडी पुढेच राहते. ज्या प्रसंगाच्या भीतीने मी लाखभर रुपयांचा सेट घ्यायला निघालो होतो, तो प्रसंग काहीशे रुपयांच्या ऑइलने बराच दूर ढकलता येतो. डॉट ४ चा सीलबंद डबा घ्यायचा, जुनं पूर्ण काढून नवं भरायचं, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायची आणि दर दोन वर्षांनी हे पुन्हा करायचं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल असतं. नाव पुढचं दिसतं म्हणून ते यात मिसळायचं नाही.

ब्रेक लागत नाही ही तक्रार मी पूर्वी एकच समजायचो. आता ती दोन प्रकारांत वेगळी करतो. पेडल मऊ लागतं किंवा खाली जातं, तेव्हा ऑइल, हवा, गळती किंवा फुगणारा होज पाहायचा. पेडल दगडासारखं घट्ट आहे आणि तरी गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते, नाहीतर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नसतो. डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम तयार करायला वेगळा पंप असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. त्याची तपासणी घरी उभ्याउभ्या होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग दाबून धरायचं आणि गाडी चालू करायची. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर, त्याची नळी किंवा पंप यांत दोष आहे, आणि नव्या डिस्कने तो जाणार नाही. होजचंही तसंच. रबरी होज बाहेरून ठीक दिसतो आणि आतून सुजतो. मग दाब जातो पण परत येत नाही. एका चाकाचा ब्रेक धरून राहतो, गाडी एका बाजूला ओढते आणि ते चाक न थांबताही तापत राहतं. दहा-बारा वर्षांच्या गाडीचे होज मी आता न विचारता बदलायला सांगतो.

मागच्या ड्रमबद्दलचं मत बदलायला मला जास्त वेळ लागला. ड्रम म्हणजे जुनाट, डिस्क म्हणजे चांगलं, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. पण ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याच्या कामातला मोठा वाटा पुढची चाकं उचलतात. मागच्या चाकांवरचा भार त्या क्षणी कमी झालेला असतो. अशा वेळी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जोरात लागला तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीचं ढुंगण बाजूला फिरतं. एबीएस नसलेल्या उंच गाडीत, ओल्या रस्त्यावर, हे फार भयंकर असतं. म्हणूनच अशा गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. मागे किती वजन आहे ते पाहून तो मागच्या चाकांकडे जाणारा दाब कमीजास्त करतो. त्याचा दांडा गंजला, वाकला किंवा मागची स्प्रिंग उंच केली की त्याचा अंदाज चुकतो. कंपनीने हे सगळं गणित ठरावीक आकाराचा ड्रम धरून बांधलेलं असतं. त्या जागी कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची डिस्क बसवली की गणित मोडतं, आणि वर उतारावर अडीच टन धरून ठेवणारा हँडब्रेकही बहुतेक वेळा कमजोर होतो. तेव्हा ड्रम आतून साफ करणं, गळका व्हील सिलिंडर बदलणं, नवे लायनर घालणं, आपोआप फिरणारा अ‍ॅडजस्टर मोकळा करणं आणि तो व्हॉल्व्ह तपासणं, एवढ्यावर मी आता समाधानी आहे. माझ्या गाडीत मागचे शू नीट बसवल्यावरच पेडल इतकं वर आलं की पुढची डिस्क आधी बदलली असती तर श्रेय तिलाच दिलं असतं.

टायरचा मुद्दाही मी पूर्वी विचारात घेत नसे. डायकॉरचा टायर २३५/७० आर १६. दणकट दिसावी म्हणून अनेकजण तिला २६५/७० घालतात. चाकाचा व्यास साडेपाच-सहा टक्क्यांनी वाढतो, आणि पेडलवर तेवढाच जोर दिला तर रस्त्यावर मिळणारा ब्रेकचा जोर जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात घटतो. वर त्या टायरचं वजन, पुढचं लोखंडी गार्ड, टपावरचा कॅरियर. म्हणजे आपणच ब्रेक कमजोर करायचा आणि मग तो अपुरा आहे म्हणून मोठा सेट आणायचा. कंपनीच्या मापाचा चांगला टायर परत घातला आणि अनावश्यक लोखंड उतरवलं, तर ती ब्रेकची खरी सुधारणाच आहे. अखेर गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीने. कोरड्या चांगल्या डांबरावर ताशी ८० वरून थांबायला, चालकाला लागणारा वेळ सोडून, साधारण ३५ ते ४० मीटर लागतात. पावसात झिजलेल्या टायरवर तेच अंतर ६० मीटरच्या पुढे जातं. चाक जाम होण्याइतका जोर तुमच्या निरोगी ब्रेकमध्ये असेल, तर त्यापुढची प्रत्येक मोठी डिस्क एकाच जोरदार ब्रेकात अंतर कमी करत नाही. ती उपयोगी पडते फक्त पुन्हा पुन्हा तापण्यात. हा फरक कळल्यावर माझ्या जुन्या मताचा मुख्य आधारच गेला.

कायद्याची बाजूही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीत असलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते काटेकोरपणे लावलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीसमोर ब्रेकमधला हौशी फेरफार समजावून सांगायची वेळ मला यावी असं वाटत नाही. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी वाढवून घ्यायची असेल तर आरटीओसमोर ती मूळ रूपात नेणं केव्हाही सोपं.

मग मोठे ब्रेक कधीच बसवू नयेत का? असं मी म्हणत नाही. अमेरिकेत टोयोटाच्या फोररनरची १९९६ ते २००२ ही पिढी आजही खूप वापरात आहे. तिचे मालक त्याच कंपनीच्या पहिल्या टुंड्रा पिकअपचे पुढचे कॅलिपर आणि डिस्क तिला घालतात. भाग एकाच घराण्यातले, कुठेही सहज मिळणारे, आणि मागाहून मागवलेल्या शर्यतीच्या सेटपेक्षा कितीतरी स्वस्त. बोल्ट जुळतात, मागचा धूळ अडवणारा पत्रा थोडा वाकवावा लागतो आणि सोळा इंची चाक लागतं. पिस्टन मोठे असल्याने ऑइल जास्त लागतं आणि पेडलचा प्रवास वाढतो, म्हणून काहीजण मास्टर सिलिंडरही बदलतात. परवडणारी सुधारणा म्हणतात ती अशी: हजारो लोकांनी आधी करून पाहिलेली, कंपनीच्याच भागांची आणि परिणाम माहीत असलेली. आपल्याकडे कुणाला सतत जड ओझं घेऊन घाट उतरावे लागत असतील, सगळं निरोगी करूनही ब्रेक तापून सोडत असेल, आणि बदल कायद्यात बसत असेल, तर मी त्याला अडवणार नाही. फक्त तो शेवटचा टप्पा असावा, पहिला नसावा.

माझ्या गाडीचं काम शेवटी काय झालं ते सांगतो. पुढच्या दोन्ही डिस्कची जाडी मोजली. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तिच्याखाली आलेली डिस्क लेथवर नेण्यात अर्थ नाही. माझ्या डिस्क नव्या घेतल्या. कंपनीच्या मापाचे चांगले पॅड, पिना आणि कॅलिपरचं रबर किट, मागचे लायनर, व्हील सिलिंडर, सगळे होज, डॉट ४ ऑइल आणि मजुरी मिळून वीस-बावीस हजारांत काम झालं. पॅड घेताना बिल घ्यावं आणि ओळखीच्या दुकानातूनच घ्यावे, कारण नावाजलेल्या खोक्यात नकली पॅड सर्रास विकले जातात. इथे वाचवलेले चारशे रुपये घाटात फार महाग पडतात.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसवून घ्याव्या लागतात, हेही अण्णांनी करून दाखवलं. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० च्या वेगावरून मध्यम जोराने दहापर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून थंड होऊ द्यायचं, आणि हे बऱ्याचदा करायचं. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसला की पकड आणि पेडलची जाणीव दोन्ही बदलतात. गॅरेजातून बाहेर पडून थेट घाटात जायचं नाही.

घाट उतरण्याबद्दल आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे: ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. त्याला मी आता ब्रेकच्या सुधारणेइतकंच महत्त्व देतो. दुसऱ्या गिअरात डिझेल इंजिन गाडीला धरून ठेवतं. ब्रेकवर सतत पाय ठेवायचा नाही, थोडा जोरात दाबून वेग उतरवायचा आणि सोडून द्यायचा. दोन टनांची गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा माणूस डिझेलचे चार थेंब वाचवायला सगळी उष्णता डिस्कवर टाकत असतो. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. माझ्या गाडीत ते नाही आणि नंतर बसवणंही व्यवहार्य नाही. म्हणून पावसात मी पुढच्या गाडीपासून अंतर वाढवतो आणि वेग कमी ठेवतो. गाडीची जी मर्यादा पैशाने हलत नाही, ती मान्य करून चालवायचं.

हे सगळं मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, तेही सांगायला हवं. जुन्या मोठ्या गाड्या म्हटलं की आमच्यासारखे हौशी लोक डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात साताऱ्या-कोल्हापूरकडे अशा गाड्यांत सगळ्यात जास्त माणसं बसतात ती वडापच्या जीपांत आणि भाड्याच्या सुमोंत. दहा-बारा माणसं, टपावर पोती, आणि रोजचा घाट. ब्रेक सुधारायचा म्हणजे लाख रुपये, हे मत आम्ही चारचौघांत मोठ्याने मांडत राहिलो, तर त्या चालकाला त्यातून एवढंच ऐकू येतं की हे आपल्यासाठी नाही. मग तो ऑइलची टाकी वरून भरतो आणि निघतो. त्याला दोन वर्षांत एकदा ऑइल बदल, होज तपास, पिना मोकळ्या कर, असं सांगितलं तर ते त्याच्या आवाक्यातलं आहे, आणि तो ते करेल.

इंजिनाची ताकद वाढवणं ही आपली हौस असते. ब्रेकचं तसं नाही. रस्ता ओलांडणारी म्हातारी, पुढच्या दुचाकीवरचं जोडपं, मागच्या सीटवर झोपलेली मुलं, यांतल्या कुणीही आपल्या हौशीला संमती दिलेली नसते, पण आपल्या ब्रेकवर त्या सगळ्यांचा हक्क असतो. तो हक्क पुरा करायला लागणारा खर्च माझ्या पूर्वीच्या समजुतीपेक्षा खूप कमी आहे, म्हणून तो टाळायला आता मला कुठलंच कारण दिसत नाही. तुमची गाडी दहा वर्षांच्या वरची असेल, तर पावसाळा लागण्याआधी एकदा चारही चाकं उतरवून घ्या, आणि त्या वेळी गॅरेजात स्वतः उभे राहा.